मारेकरी पेशी समोरच्या पेशीला नेमकं मारतात कशा?

विज्ञानाच्या बाई (रविवार, सकाळी १०:१५)

नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, त्या जंतूंना गिळतात, हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत आले. अमिबासारखी एक वेडीवाकडी पेशी, तिचे पुढे आलेले दोन हात, मधे सापडलेला जंतू. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच काढायची.

परवा नातू म्हणाला (आठवीत आहे), "आजी, विषाणू तर आपल्याच पेशीच्या आत जाऊन बसतो ना? मग सैनिक बाहेरून गिळणार कुणाला?" म्हटलं, अशा वेळी ती पेशीच मारावी लागते. "पण कशी? ती तर सैनिकाएवढीच, नाहीतर त्याच्याहून मोठी. तोंडात मावणारच नाही." आणि पाठोपाठ तिसरा प्रश्न : "मारलीच, तर शेजारची चांगली पेशी कशी वाचते?"

लयकारिका (लायसोसोम), आत्मघाती पिशव्या वगैरे आठवलं तेवढं सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही आणि खरं तर माझंही नाही. इथे डॉक्टर आहेत, लॅबमधली मंडळी आहेत. चित्र काढता येईल अशा भाषेत कुणी सांगाल का?

खादाड_अण्णा (सकाळी १०:४०)

नातवाला माझ्याकडून एक आख्खा पेरू, तिखटमीठ लावून. बसलो इथेच वाचायला.

पिपेट (सकाळी ११:५०)

बाई, मी मुंबईत इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये २२ वर्षं काम केलंय. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

आधी ओळख कशी पटते ते. केंद्रक असलेली आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, सतत बाहेर आणून दाखवत असते. ते ज्या कोंदणात बसवून दाखवते त्या प्रथिनाला एचएलए म्हणतात. अस्थिमज्जा देताना 'एचएलए जुळतंय का' बघतात ना, तेच हे. आत विषाणू शिरला की त्याचेही तुकडे आपोआप त्या कोंदणात येतात. सीडी-८ टी पेशी, म्हणजे किलर टी ही पांढरी पेशी, ही कोंदणं चाचपत फिरते. तुकडा आणि कोंदण दोन्ही मिळून ओळख पटते, नुसत्या तुकड्याने नाही. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.

आता मारणं. ओळख पटली की टी पेशी लक्ष्याला घट्ट चिकटते आणि दोघींच्या मधे एक गोल, कडेने बंद असा सांधा तयार होतो. मग टी पेशीच्या आतली सगळी मांडामांड फिरते. तिचं सेंट्रोसोम (पेशीतल्या तंतूंचं केंद्र) सरकत सरकत थेट त्या सांध्यापाशी येतं आणि त्याच्या तंतूंवरून पुड्या वाहत येतात. बाई, या पुड्या म्हणजे लयकारिकेच्याच बहिणी. तुम्ही नातवाला सांगितलंत ते अगदीच चुकलेलं नाही, फक्त पिशवी मारणाऱ्या पेशीची आणि घाव दुसरीवर.

पुडीत दोन मुख्य वस्तू : परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. पुडी सांध्याच्या फटीत उघडते, परफोरिनचे वीसेक रेणू कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना जोडून लक्ष्याच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) कडं बनवतात. या कड्याच्या आतलं भोक साधारण १६ नॅनोमीटरचं. त्यातून ग्रॅन्झाइम आत जातात.

शेजारची का वाचते? पुड्या फक्त त्या बंद फटीत उघडतात, बाहेर सांडत नाहीत. निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं, शेजारणीच्या कोंदणात तो तुकडाच नसतो, त्यामुळे तिच्याशी सांधा जुळतच नाही.

मिरजेचा_तात्या (दुपारी १२:२०)

म्हणजे भोक पाडलं की पेशी फुग्यासारखी फुटते. नातवाला हे लगेच कळेल.

पिपेट (दुपारी १२:४५)

तात्या, नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून हट्टाने लिहितो. फुटत नाही. परफोरिन खूपच जास्त झालं तर फुटू शकते, पण शरीरात साधारणपणे तसं होत नाही. भोक हे दार आहे. खरं काम आत गेलेलं ग्रॅन्झाइम-बी करतं. ते कात्री आहे, पण बेछूट कापत सुटणारी नाही. पेशीच्या आत कॅस्पेस नावाची प्रथिनं निजलेली असतात, त्यांना ही कात्री एका ठरावीक जागी कापून जागं करते. पुढचं सगळं पेशी स्वतःच करते. डीएनएचे तुकडे पडतात, पटलावर बुडबुडे येतात, पेशी आक्रसून तिच्या लहान लहान गाठोड्या होतात. याला अपॉप्टोसिस म्हणतात.

मी स्वतः मरणाऱ्या पेशींचा डीएनए जेलवर चालवलाय. चांगल्या पेशीचा एकच जाड पट्टा वर अडकून राहतो. यांचा मात्र शिडीसारखा उतरत जातो, सुमारे १८० अक्षरांच्या पटीत एकेक पायरी. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ती शिडी पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नव्हतो.

पूर्वी मोजायची पद्धतही सांगतो. लक्ष्यपेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ पाजायचं, तीनदा धुवायचं, ९६ खळग्यांच्या ताटलीत किलर पेशींसोबत ३७ अंशाला ४ तास ठेवायचं. जी पेशी मेली तिच्यातून क्रोमियम बाहेर येणार. वरचं पाणी अलगद उचलून काउंटरमध्ये मोजायचं. तळाच्या पेशींना टोक लागलं की तो खळगा वाया, म्हणून श्वास रोखून पिपेट धरायचो. आयडी तिथूनच आलाय.

आणखी एक रस्ता आहे : लक्ष्यपेशीच्या अंगावर फास नावाचं प्रथिन असतं. किलर पेशीने बाहेरून नुसतं ते दाबलं तरी आतले कॅस्पेस जागे होतात. पुडी उघडायचीही गरज नाही. ('फास' हा निव्वळ योगायोग, नाव इंग्रजीतूनच आलंय.)

सई_कुलकर्णीवाडा (दुपारी १:३०)

वाचता वाचता पोळी करपली. पिपेटदादा, पुढचं लिहा.

बालवैद्य (दुपारी ३:०५)

पिपेट यांनी यंत्र समजावलं. ते बिघडलं की काय होतं हे मी बघितलंय.

काही वर्षांपूर्वी ४ महिन्यांचं एक बाळ आलं होतं. पंधरा दिवस ताप, पोटाला हात लावला तर प्लीहा बेंबीपर्यंत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही तळाला, फेरिटिन (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) हजारांत. आधी दोन ठिकाणी जंतुसंसर्ग समजून औषधं झाली होती. अस्थिमज्जेच्या काचपट्टीवर मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी) आपल्याच रक्तपेशी गिळताना दिसले. पुढे तपासणीत कळलं की बाळाच्या किलर पेशींमध्ये परफोरिन जवळपास नव्हतंच. आजाराचं नाव एचएलएच. परफोरिनच्या जनुकातला दोष यामागे असू शकतो हे १९९९ मध्ये कळलं. नंतर पुडी सांध्यापर्यंत नेणाऱ्या, ती पटलाशी जोडणाऱ्या इतर प्रथिनांचे दोषही सापडले. त्यातल्या एका प्रकारात बाळाचे केस चंदेरी-राखाडी असतात, कारण केसांना रंग देणाऱ्या पुड्याही त्याच प्रथिनावर वाहतात. मी आता तापाच्या बाळाचे केस आधी बघतो.

आता बाईंसाठी मुद्दा. मारता येत नाही म्हटल्यावर वाटेल की प्रतिकार कमी पडेल. होतं उलटं. किलर पेशी लक्ष्याला चिकटते, पण लक्ष्य मरत नाही म्हणून ती लवकर सुटतच नाही. लक्ष्य मेलं की सांधा सुटतो, एरवी रेंगाळतो. चिकटून बसलेली पेशी इंटरफेरॉन गॅमा हे चेतवणारं प्रथिन ओतत राहते, त्याने मॅक्रोफेज पेटतात आणि बाळ त्या आगीत होरपळतं. चोख मारणं हीच शांत होण्याची खूण असते. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला शरीराबद्दल इतकं मोलाचं दुसरं काही शिकायला मिळालं नाही.

(बाळाला इटोपोसाइड आणि डेक्सामेथासोन दिलं, नंतर वडिलांची अस्थिमज्जा. आता शाळेत जातो.)

सई_कुलकर्णीवाडा (दुपारी ३:२०)

शेवटची ओळ आधी वाचली असती तर बरं झालं असतं डॉक्टर. जीव गोळा झाला होता.

बर्फातली_जाई (संध्याकाळी ५:४०)

स्टॉकहोमहून लिहितेय, म्हणून हक्काने एनके पेशींचा झेंडा घेते. नॅचरल किलर पेशी इथल्याच कॅरोलिन्स्का संस्थेत कीसलिंग, एव्हा क्लाइन आणि विग्झेल यांनी १९७५ मध्ये ओळखल्या. त्याच सुमारास अमेरिकेत हर्बरमन यांनाही त्या सापडल्या.

टी पेशीला कोंदणात परका तुकडा लागतो. मग चलाख विषाणू काय करतो, तर कोंदणच बाहेर येऊ देत नाही. कॅन्सरच्या पेशीही हेच करतात. टी पेशीला काहीच दिसत नाही. तिथे एनके पेशी येते. ती उलटं बघते : कोंदण नाहीये का? नसेल तर मार. ही कल्पना क्लास शेरे यांची, १९८६ मध्ये ती उंदरांवरच्या प्रयोगांनी पक्की झाली. मारण्याचं सामान तेच, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. फक्त टी पेशीला तयार व्हायला आठवडा लागतो आणि एनकेच्या पुड्या आधीपासून भरलेल्या असतात.

थोडक्यात, आधारकार्ड दाखवा नाहीतर मरा.

पिपेट (संध्याकाळी ६:१५)

जाई, आधारकार्डाला माझा विरोध. तुझ्या हिशेबाने तांबड्या पेशी एका दिवसात संपल्या पाहिजेत. त्यांच्या अंगावर एचएलए जवळजवळ नसतंच. तरी एनके त्यांना हात लावत नाहीत. कारण कार्ड नसणं पुरेसं नाही, समोरच्या पेशीने 'मी संकटात आहे' अशी खूणही दाखवावी लागते. ताणाखालच्या पेशी मायका-मायकबी अशी प्रथिनं अंगावर आणतात, एनकेला ती कळतात. थांब म्हणणाऱ्या आणि चल म्हणणाऱ्या खुणांची बेरीज होऊन निर्णय लागतो.

आमच्या लॅबमध्ये एनकेची परीक्षा घ्यायला के-५६२ नावाच्या ल्युकेमियाच्या पेशी असायच्या. त्यांच्यावर एचएलए नाही आणि चल म्हणणाऱ्या खुणा भरपूर. चार तासांत निकाल.

बर्फातली_जाई (संध्याकाळी ६:३०)

तांबड्या पेशींचा मुद्दा बिनतोड. आधारकार्ड मागे घेते. एक तिसरी सोय मात्र राहिली : लक्ष्यावर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) चिकटलेली असली तर एनके त्यांच्या शेपटीला धरते आणि तिथे पुडी उघडते. लिम्फोमा या कॅन्सरसाठी १९९७ पासून वापरात असलेलं रिटुक्झिमॅब बऱ्याच अंशी असंच काम करतं.

पुनर्नवा (रात्री ८:१०)

विषय निघालाच आहे तर विचारते. माझे दोन गर्भपात झाले. एका ठिकाणी रक्तातल्या एनके पेशी मोजल्या, "जास्त आहेत, त्या बाळाला मारतायत" असं सांगितलं आणि महागडी सलाइनं लावली. वर्षभर मी स्वतःच्या रक्ताकडे खुनी म्हणून बघत होते. हे खरं असतं का?

बालवैद्य (रात्री ८:५५)

नाही ताई. शांतपणे वाचा. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी ७० टक्क्यांपर्यंत एनकेच असतात, निरोगी गर्भारपणातसुद्धा. त्यांच्या पुड्यांत परफोरिन असतं, तरी बाळाच्या बाजूच्या पेशींना त्या मारत नाहीत. त्या पेशी एचएलए-जी नावाचं खास कोंदण दाखवतात. तिथल्या एनके उलट आईच्या धमन्या रुंद करायला मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त नीट पोहोचतं. रक्तातल्या एनकेच्या आकड्यावरून गर्भाशयातल्या एनकेबद्दल काही कळत नाही, आणि त्या आकड्यावर दिलेल्या सलाइनांनी बाळ टिकतं असा भरवशाचा पुरावा नाही. तुमच्या रक्ताने काही केलेलं नाही.

पुनर्नवा (रात्री ९:०२)

हे तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं.

लिंबूमिरची (रात्री ९:३०)

मग एनके वाढवायच्या असतील तर गुळवेलीचा काढा चालेल का? कोविडमध्ये आम्ही रोज घेत होतो.

बालवैद्य (रात्री ९:५०)

कशासाठी वाढवायच्या, हा माझा प्रश्न. वरच्या बाळाची गोष्ट पुन्हा वाचा, जास्त पेटलेली प्रतिकारशक्ती काय करते ती. २०२०-२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले काही रुग्ण नोंदवले होते, आणि सूज अशी की जणू आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटली आहे. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. मी माझ्या रुग्णांना महिनोन्महिने घेऊ देत नाही.

कोकणचा_दर्या (रात्री १०:२५)

यकृतावरून माझी कथा. ८ वर्षांपूर्वी हिपॅटायटिस-बी झाला. डोळे पिवळेधमक, एसजीपीटी (यकृताच्या पेशीतलं प्रथिन) १,८०० च्या वर. घरी सगळे म्हणायचे, विषाणूने लिव्हर खाल्लं. मी डॉक्टरांना विचारलं, विषाणू इतकं खातो का हो? ते म्हणाले, विषाणू नाही खात, तुझ्या टी पेशी खातायत. बी-विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, पण तिला सहसा मारत नाही. त्याला हाकलायला आलेल्या किलर टी पेशी ती पेशी मारतात, म्हणून एसजीपीटी रक्तात सांडतं आणि कावीळ दिसते. म्हणजे माझी कावीळ ही माझ्या सैन्याची धडपड होती. सहा महिन्यांनी विषाणू गेला.

जन्मतः लागण झालेल्या बाळांमध्ये मात्र हे सैन्य उठतच नाही. १० पैकी ९ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम करतो, तर मोठ्यांमध्ये १०० पैकी ५ पेक्षा कमी जणांत. म्हणून जन्मल्याबरोबर लस. माझ्या पुतणीला पहिल्या दिवशी टोचली तेव्हा मी स्वतः उभा होतो.

पिपेट (रात्री १०:५०)

दर्या, यात आणखी एक गंमत आहे. यकृतात अब्जावधी पेशी. प्रत्येक लागण झालेली पेशी मारायची ठरवली तर माणूस राहायचा नाही. १९९० च्या दशकात गिडोटी आणि किसारी यांनी दाखवलं की टी पेशी तिथे बरंचसं काम न मारता करतात. इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि यकृताच्या पेशी आतल्या आत विषाणू साफ करून जिवंत राहतात. उंदरात मोजलंय, एक किलर टी पेशी विषाणूची लागण झालेल्या २ ते १६ पेशी दिवसाला मारते. आम्ही ताटलीत बघायचो त्याच्या मानाने फारच कमी.

वनराई (सोमवार, सकाळी ७:२०)

मला या धाग्यातली भाषा टोचतेय. सैनिक, मारेकरी, सैन्य, शत्रू. शरीर म्हणजे रणांगण आहे का? पिपेट स्वतःच सांगतायत की पेशी आपणहून आवरतं घेते. मग 'मारणं' कशाला म्हणायचं? निरोप म्हणा.

मिरजेचा_तात्या (सकाळी ८:०५)

डीएनएचे तुकडे होतात आणि म्हणे निरोप. वनराई, मारणं आहे तर मारणंच म्हणू या. मुलांना गोड करून सांगितलं की त्यांना कळत नाही.

शर्वरीची_आई (सकाळी ९:४०)

माझं थोडं ऐका. माझ्या मुलीला ६ व्या वर्षी टाइप-१ मधुमेह झाला. तिच्या शाळेच्या पुस्तकातही 'सैनिक पेशी' होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी तिच्याच टी पेशींनी मारल्या. रात्री इन्सुलिनची सुई टोचताना तिने विचारलं, "आई, माझ्या सैनिकांना मी आवडत नव्हते का?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात सैनिक म्हणत नाही. आम्ही 'तपासनीस' म्हणतो. तपासनीस चुकतो, त्याचा राग येतो, पण त्याने आपल्याशी वैर धरलं असं वाटत नाही. तात्या, मारणं म्हणा हवं तर. पण मुलांसमोर सैनिक म्हणताना एकदा विचार करा.

मिरजेचा_तात्या (सकाळी ९:५५)

माफ करा ताई. तपासनीस हा शब्द मी घेतो.

विज्ञानाच्या बाई (सकाळी १०:३०)

मीही घेतला. शर्वरीला आशीर्वाद.

रातकाम (दुपारी २:१५)

मी चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्य सेवक आहे. किलर टी आणि एनके झाले, पण आमच्या भागातल्या पाहुण्याला यापैकी कुणी पुरत नाही. हत्तीरोगाचा कृमी. त्याची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून आम्ही रात्री साडेआठनंतर बॅटरी घेऊन घरोघर जातो, बोटाला टोचून काचपट्टीवर जाड थेंब घेतो. लोकांना झोपेतून उठवावं लागतं, कुत्री मागे लागतात. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एखादं पिल्लू दिसतं, लांबी साधारण पाव मिलिमीटर. पांढरी पेशी १२-१५ मायक्रॉनची. नातवाचाच प्रश्न, हे गिळणार कसं?

तर इथे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. कृमीच्या अंगावर प्रतिपिंडं बसलेली असतात, त्यांना धरून इओसिनोफिल घोळक्याने चिकटतात आणि आपल्या दाण्यांमधली जहाल प्रथिनं त्याच्या कातडीवर ओततात. रंगवलेल्या पट्टीवर हे दाणे केशरी-लाल दिसतात, डाळिंबासारखे. पण हे ओतणं पिपेट सांगतात तशा बंद फटीत राहत नाही, आजूबाजूलाही भाजतं. काही जणांना या कृमीमुळे रात्रीचा सुका खोकला आणि दम लागतो, रक्तात इओसिनोफिल प्रचंड वाढलेले. डीईसी या कृमीनाशक गोळ्यांनी उतरतो. लोक दमा समजून वर्षानुवर्षं पंप ओढत बसतात. गोळ्या वाटायला आलं की नाकारू नका, एवढीच विनंती.

खादाड_अण्णा (दुपारी २:४०)

आणि पू? पू म्हणजे काय असतं हो शेवटी? (जेवून झालंय, विचारू शकतो.)

बालवैद्य (दुपारी ३:१०)

मेलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), बहुतांशी. ते जंतू गिळतात आणि आत जवळजवळ ब्लीचिंगचं द्रावणच तयार करून त्याला मारतात. ते बनवणारं प्रथिन हिरवट असतं, पुवाला झाक त्याचीच. २००४ मध्ये बर्लिनच्या गटाने दाखवलं की न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतात. क्षयाचा जंतू मात्र मॅक्रोफेजने गिळला तरी आत मजेत राहतो. गिळलं म्हणजे मारलं असं धरायचं नाही.

मंगळवारचा_चहा (संध्याकाळी ७:४५)

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते. माझ्या भावाला ल्युकेमिया. केमो दोनदा फसली. मग कार-टी ही टी पेशींची उपचारपद्धती झाली, आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते ती सुरू झाली. अमेरिकेत अशी पहिली उपचारपद्धती २०१७ मध्ये आली तेव्हा किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथली त्या मानाने खूपच कमी, तरी आम्ही गावाकडची जमीन विकली.

त्याच्याच टी पेशी काढल्या, त्यांच्यात एक जनुक घातलं, म्हणजे त्यांना सीडी-१९ हे प्रथिन दिसू लागतं. मग कोंदण लागत नाही, तुकडा लागत नाही. जिच्या अंगावर सीडी-१९ ती पेशी मरणार, याच परफोरिन-ग्रॅन्झाइमने. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. एक छोटी पिशवी आली, गोठवलेली, वितळवली, अर्ध्या तासाच्या आत शिरेतून आत. एवढीशी पिशवी!

तिसऱ्या दिवशी ताप १०३. डॉक्टर म्हणाले, पेशी कामाला लागल्यात. नर्स रोज त्याला एक वाक्य लिहायला लावायची आणि १०० पासून दहा-दहाने उलटं मोजायला. मेंदूवर परिणाम होतोय का ते अक्षरावरून कळतं. तो रोज लिहायचा : 'आज मंगळवार आहे आणि मला चहा हवा.' वार कुठलाही असो. सहाव्या दिवशी 'चहा'चा 'च' सुटला, रेघ खाली घसरत गेली. औषध दिलं, दोन दिवसांनी अक्षर परत सरळ. ते कागद मी जपून ठेवलेत.

आता तो बरा आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या चांगल्या बी-पेशींवरही सीडी-१९ असतं, त्याही गेल्या. त्यामुळे प्रतिपिंडांचं सलाइन लावावं लागतं. तपासनीसाला जे दाखवलं तेच तो बघतो.

पिपेट (रात्री ८:१५)

ताई, २२ वर्षं ताटलीत जे मोजलं ते माणसात कामी आलेलं तुमच्या तोंडून वाचतोय. भावाला माझा नमस्कार सांगा.

विज्ञानाच्या बाई (बुधवार, सकाळी ९:००)

मंडळी, काल रात्री आम्ही दोघं मोठा कागद घेऊन बसलो. चार चौकटी केल्या. पहिलीत कोंदणातला तुकडा, दुसरीत सांधा आणि सरकत आलेल्या पुड्या, तिसरीत कडं आणि आत जाणारी कात्री, चौथीत बुडबुडे आलेली पेशी. शेजारची पेशी त्याने हिरवी रंगवली, धडधाकट.

मग म्हणाला, दोन शंका राहिल्या. परफोरिन दोघींच्या मधल्या फटीत ओतलं, तर मारणाऱ्या पेशीला भोक का पडत नाही? आणि शेवटी त्या गाठोड्यांचं काय होतं, तशाच पडून राहतात?

पिपेट (सकाळी ९:४०)

पहिली शंका आमच्या क्षेत्रात कित्येक वर्षं वादात होती! मारणाऱ्या पेशीचं फटीकडचं पटल जास्त दाटीचं असतं, स्निग्ध रेणू घट्ट रचलेले, त्यामुळे परफोरिनला तिथे रुतता येत नाही. शिवाय त्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा रेणू बाहेर आलेला असतो, चुकून रुतलंच तर तो परफोरिनला जखडून निकामी करतो. हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. एक पेशी मारून ती सुटते आणि पुढच्या लक्ष्याकडे जाते.

दुसरीचं उत्तर बाई, तुमच्याकडेच आहे. मरणारी पेशी हाच रेणू अंगभर बाहेर आणते आणि तिथे ती 'मला उचला' अशी खूण ठरते. मॅक्रोफेज येतो, हात पुढे करतो आणि गाठोडी फुटायच्या आत गिळतो. आतलं काही सांडत नाही, आजूबाजूला सूज येत नाही. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून अशाच गिळणाऱ्या पेशी जमा होताना बघितल्या होत्या. तुमचं फळ्यावरचं चित्र त्याच पेशीचं.

विज्ञानाच्या बाई (सकाळी १०:२०)

म्हणजे पाचवी चौकट. वेडीवाकडी पेशी, दोन हात, मधे गाठोडं. ही मला काढता येते. नातू शाळेतून आला की त्याला दाखवते, आज हात माझाच चालणार.

खादाड_अण्णा (सकाळी १०:२५)

कागदाचा फोटो इथे टाका बाई. आणि पेरू कुठे पाठवू?